आडवा बाण

"तुम्ही त्या मॅडमच्या बहीण ना? त्या न मोडणाऱ्या पत्र्याच्या?" फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्यानं एवढंच विचारलं, तेही हसून, अदबीनं दार उघडून धरत. त्यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं. थोरलीनं मानेनं हो म्हटलं, ओळखपत्र पर्समध्ये टाकलं आणि मधलं अंगण ओलांडू लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दात घट्ट आवळून धरलेत. इतकी वर्षं हाच प्रश्न उलटा विचारला जायचा. धाकटी प्रयोगशाळेत नवी लागली तेव्हा जो तो तिला विचारी, 'थोरल्या बाईंची बहीण का?' आणि धाकटी भाबडेपणानं मान डोलावून हो म्हणे. थोरली मनातून सुखावे आणि वरवर म्हणे, 'अहो, तिला तिचं नाव आहे की.' आता आपल्यालाही नाव आहे हे कुणाला सांगायचं? पहारेकऱ्याला? तो बिचारा म्हणेल, असेल बाई, मी कुठं नाही म्हणतोय. तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. आज सगळ्या इमारतीला धाकटीच्या पत्र्याची खबर होती. आज भट्ट्या बनवणाऱ्या कारखान्याचे पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर तो पत्रा थंडच वाकवून दाखवायचा होता. वाकला तर नवा विभाग निघणार होता, तो धाकटीला मिळणार होता, आणि थोरलीची पत्रे लाटायची रोलिंग मिल त्या विभागाच्या पोटात जाणार होती. साहेबांनी हे तिला फार गोड शब्दांत सांगितलं होतं. 'घरातल्या घरातच आहे हो बाई,' ते म्हणाले होते.

घरातल्या घरात! जे परक्यानं नेलं असतं तर रडून मोकळं होता आलं असतं, ते घरातल्या घरात गेलं की पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून बसावं लागतं. थोरली मिलच्या दालनात शिरली. रूळ थंड होते. तिनं सवयीनं वरच्या रुळावर तळवा ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. या दोन रुळांमध्ये तिच्या उमेदीची सगळी वर्षं दाबून निघाली होती. मॉलिब्डेनम हा धातूच असा तिरसट. जिथं लोखंडाचं पाणी होतं तिथं हा नुसता उजळतो. भट्टीच्या पोटात बसवायला याच्यासारखा पत्रा नाही. पण भट्टीतून बाहेर काढून थंड होऊ दिला, आणि जरा कुठं वाकवायला गेलं, की टच्. मोडेन पण वाकणार नाही, ही म्हण कुणी माणसावरून केली नसून या धातूवरूनच केली असावी, असं ती नव्यानं येणाऱ्यांना सांगायची, आणि ते हसायचे. म्हणून त्याला दर वेळी ज्योतीवर गरम करून, घाबरत घाबरत वाकवावं लागे. आणि फार तापवला तर आतले कण फुगतात आणि तो पहिल्यापेक्षाही ठिसूळ होऊन बसतो. कमी तापवावा तर कडा फाटतात, जास्त तापवावा तर जीव जातो. या दोन्हींच्या मधली वाट थोरलीनं शोधली होती. किती दाबायचं, किती वेळा पुन्हा तापवायचं, शेवटचे हात कसे हलके फिरवायचे, हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. रुळांच्या आवाजावरून पत्र्याची कड फाटणार हे तिला फाटायच्या आधी समजे. तिच्या हातचा पत्रा इतरांच्या पत्र्यापेक्षा बरा होता. पण नुसता बरा. थंड असताना तोही मोडायचाच. आणि मग धाकटी आली, तिनं रुळांना हातसुद्धा लावला नाही, आणि वितळवतानाच त्यात चिमूटभर दुसरा धातू टाकला.

ती चिमूट थोरलीच्या घशात अडकली होती. कारण ते वाक्य तिचंच होतं. तिच्याच स्वयंपाकघरात, ओट्यापाशी भाजी चिरताना, ती धाकटीला म्हणाली होती, "अगं, कण बिचारे धडधाकट असतात, कणाकणांच्या मधल्या फटीतच ऑक्सिजनची घाण बसते. तिथूनच सगळं उकलतं." बोलता बोलता म्हटलं होतं, जसं आपण म्हणतो की शेजारी वाईट नाहीत, जागाच अडचणीची आहे. ती पुन्हा भाजीकडे वळली. धाकटीच्या हातातली सुरी मात्र थांबली होती. तेव्हा थोरलीला वाटलं, बोट कापलं की काय. पुढं वर्षभरानं धाकटीचा धातू तयार झाला, त्या घाणीला फटीतून ओढून स्वतःत गोळा करून ठेवणारा चिमूटभर मसाला घातलेला, तेव्हा धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, "मूळ कल्पना ताईचीच." आणि सगळ्यांनी धाकटीच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं. हे असं असतं. तिनं श्रेय लाटलं असतं तर तिला चोर म्हणता आलं असतं. तिनं ते दिलं, तर तेही तिच्याच पदरात पडलं. थोरलीला रात्री जाग आली की ते वाक्य आठवे. ते आपल्या तोंडून निघालं आणि आपल्याच कानांना ऐकू आलं नाही. कान होते, पण ते रुळांकडे लागलेले होते.

लहानपणीही असंच. बाबा शिंपी होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. थोरलीला त्यांनी कापड ओळखायला शिकवलं. कापड उजेडात तिरकं धरायचं, बोटानं हलकेच ताणायचं, उभा धागा कुठला आणि आडवा कुठला ते बघायचं, मगच कात्री लावायची. 'चुकीच्या अंगानं कापलेला सदरा पहिल्या धुण्यातच बोंब मारतो,' बाबा म्हणत. थोरली तासन् तास त्यांच्याजवळ बसून चिंध्या तिरक्या धरून बघे. तिचं कधी चुकलं नाही. धाकटीचं दर वेळी चुके, कारण ती बोलण्याच्या नादात कापड हातातल्या हातात फिरवत राही, आणि बाबा कपाळाला हात लावून हसत. थोरलीला बरोबर सांगितल्याबद्दल कुणी कधी हसून जवळ घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. बरोबर सांगणं हे तिचं कामच होतं. तिच्या उरलेल्या कापडातून धाकटीचा फ्रॉक निघे, आणि गंमत म्हणजे तो धाकटीलाच शोभून दिसे. आई म्हणायची, "थोरली सोशिक आहे, तिचं काही बघावं लागत नाही." केवढं मोठं प्रशस्तिपत्र! ज्याचं काही बघावं लागत नाही त्याच्याकडे मग कुणीच बघत नाही. बाबा गेले, आई थोरलीकडे राहायला आली. तिचं दुखणंखुपणं, तिची औषधं, तिच्या चष्म्याची हरवलेली काडी, सगळं थोरलीकडे. आणि रविवारी धाकटी आली की आई अंथरुणातून उठून केस विंचरून बसे. थोरली हे बघे. बघून न बघितल्यासारखं करणं तिला चांगलं जमायचं. पण विंचरलेल्या त्या पांढऱ्या केसांनी तिचा जितका जीव घेतला, तितका साहेबांच्या कुठल्याही कागदानं घेतला नसेल.

तयारीच्या खोलीत धाकटी एकटीच होती. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये पत्र्याचा एकच चौकोनी तुकडा, नुकताच आम्लात धुऊन पुसलेला, राखाडी आणि नितळ. इथला एक रिवाज होता, आणि तो थोरलीनंच पाडला होता. पत्रा कापताना, ज्या दिशेनं तो लाटला गेला त्या दिशेचा एक छोटा बाण तुकड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढायचा. धुताना तो पुसला जातो, म्हणून धुतल्याबरोबर, तुकडा खाली ठेवायच्या आधी, तो पुन्हा काढायचा. कारण लाटताना कण लांबट होऊन एकाच दिशेला निजतात. त्यांना आडवी घडी घातली तर सगळे मिळून ताण सोसतात. त्यांच्याच लांबीच्या अंगानं घडी पाडली, की कणाकणांमधली फट उघडते आणि पत्रा, कितीही चांगला असो, उभ्या धाग्यानं कापड फाटावं तसा सरळ रेषेत फाटतो. चौकोनाला तर लांबी-रुंदीही नाही. बाण हेच त्याचं तोंड. या तुकड्यावर तो अजून काढलेला नव्हता.

"हो गं आई, खाल्लं. नाही, घाबरले नाहीये," धाकटी फोनवर बोलत होती. फोन कान आणि खांद्यामध्ये धरलेला, हात मोकळे. तिनं तुकडा उचलला, खिडकीकडे वळली, पुन्हा टेबलाकडे वळली, तुकडा हातातल्या हातात फिरवला, ट्रेमध्ये ठेवला आणि पेन्सिलीनं बाण काढला. आई! सकाळी निघताना आई थोरलीला एवढंच म्हणाली होती, 'आज लवकर येशील ना?' आणि आता स्वतःहून फोन. थोरली समोरच्या स्टुलावर बसली. खिडकीतला उजेड तिरका पडला होता, आणि त्या उजेडात पत्र्यावरच्या, लाटताना पडलेल्या, केसाहून बारीक रेषा तिला दिसल्या, न बघताही दिसल्या. रेषा खिडकीकडून दाराकडे जात होत्या. बाण त्यांना काटकोनात होता. चुकला होता. धाकटीनं बोलण्याच्या नादात बाण आडवा काढला होता, लहानपणी चिंधी फिरवावी तसा तुकडा फिरवून. थोरलीनं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. 'अगं, बाण आडवा आहे,' एवढंच तर म्हणायचं होतं.

"ताई इथंच आहे. देऊ तिला?" धाकटी फोनमध्ये म्हणाली. मग थोडं ऐकून, "बरं, सांगते." तिनं फोन ठेवला. "ताई, आई म्हणतेय तिची औषधं संपलीत. जाताना घेऊन ये म्हणाली."

थोरलीचं उघडलेलं तोंड मिटलं. "बरं," ती म्हणाली. धाकटीला आशीर्वाद आणि आपल्याला औषधं. यात नवीन काय होतं? काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं लागलं. धाकटी पदरानं कपाळ पुसत होती. "ताई, एकदा नजर टाक ना यावर," तिनं ट्रे पुढं सरकवला. "माझं आज डोकंच चालत नाहीये. तुझा डोळा बाबांचा आहे." थोरलीनं तुकडा उचलला. तिरका धरला. रेषा आता स्पष्ट होत्या, बाबा असते तर दुकानातून ओरडले असते इतक्या स्पष्ट. तिनं तुकडा होता तसाच, बाणासकट, ट्रेमध्ये ठेवला. "चल," ती म्हणाली, "पाहुणे खोळंबलेत." आपण खोटं बोललो नाही, असं तिनं जिना उतरताना मनाशी म्हटलं. पाहुणे खरंच खोळंबले होते.

चाचणीच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या. कारखान्याचे पाहुणे पुढं बसलेले, त्यातला जाडजूड मुख्य पुन्हा पुन्हा घड्याळ बघणारा. साहेब उभे राहून बोलत होते. "या धातूनं आमच्या थोरल्या बाईंना फार छळलं हो," ते म्हणाले, आणि सगळे तिच्याकडे बघून प्रेमानं हसले. तीही हसली. अंगाचा तिळपापड होत असताना हसता येणं ही एक कलाच आहे, तिला कुणी बक्षीस देत नाही एवढंच. धाकटीनं तुकडा वाकवण्याच्या यंत्रात ठेवला, बाण स्वतःकडे करून, नियमाप्रमाणे. म्हणजे घडी बाणाला आडवी पडणार. म्हणजे खरं तर घडी लाटण्याच्या अंगानंच पडणार. हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. आताही वेळ होता. 'थांब गं जरा,' एवढं म्हटलं की झालं. थोरलीनं हाताची घडी घातली. तिनं स्वतःला विचारलं, का गप्प बसलीस? आणि उत्तर इतकं सोपं होतं की तिला त्याची लाज वाटायलाही सवड मिळाली नाही. तिला तो आवाज ऐकायचा होता. टच्. इतकी वर्षं तिनं तो एकटीनं ऐकला होता. एकदा, फक्त एकदा, तो धाकटीच्या हातून यावा. मग ती पुढं होईल, धाकटीच्या पाठीवर हात ठेवेल, म्हणेल, 'होतं गं असं. मलाही किती वेळा झालं.' ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. धाकटीची पाठ तिला तळव्याखाली जाणवली, कापडाखालची हाडं, लहानपणी ताप आला की लागायची तशी. सांत्वन करण्याची ती घटका तिला इतकी गोड वाटली, की दुःख अजून झालंही नव्हतं आणि ती ते पुसायला निघाली होती. यालाच लोक सोशिकपणा म्हणतात की काय कुणास ठाऊक.

धाकटीनं दांडा खाली आणायला सुरुवात केली. हळू, फार हळू. पत्रा मधोमध दबला. थोरलीचे कान ताणले गेले, रुळांपाशी ताणले जायचे तसे. आता. आता होईल. दांडा आणखी खाली आला. पाहुण्यांपैकी कुणाची तरी खुर्ची करकरली आणि तिला वाटलं, झालं. पण तो खुर्चीचाच आवाज होता. पत्रा वाकत गेला, निमूट, कुरकुर न करता, दोन्ही पंख मिटत गेले, आणि दांडा तळाला टेकला तेव्हा तिथं केसांच्या चिमट्यासारखा एक दुमडलेला पत्रा होता. टच् झालं नाही. काहीच झालं नाही. टाळ्या वाजल्या. थोरलीचे हातही टाळ्या वाजवत होते, ते तिला मागाहून दिसलं. मुख्य पाहुणा घड्याळ विसरून उठला, त्यानं भिंगातून बघितलं, मान डोलावली, तुकडा पुढं दिला. तो हातोहात फिरत थोरलीकडे आला.

तिनं तो तिरका धरला. आपल्या डोळ्यांनी दगा दिला असेल, अशी शेवटची आशा होती, आणि ती आशा होती हे तिला आशा संपतानाच समजलं. रेषा घडीच्या अंगानंच धावत होत्या, घडीच्या पाठीवरून, एकमेकींना चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही उकलली नव्हती. तिनं भिंग लावलं. वाकलेल्या पाठीवर जरासा खरबरीतपणा, बस. फट नाही. धाकटीचा पत्रा सोप्या अंगानं वाकेल हे सगळ्यांना बघायचं होतं. तो अवघड अंगानं वाकला होता. जे कुणी मागितलं नव्हतं, जे मागायची थोरलीला आयुष्यभर छाती झाली नव्हती, ते तिच्या तळहातावर पडलं होतं. आणि क्षणभर, शपथेवर सांगता येईल, तिच्या मनात मत्सर नव्हता, बहीण नव्हती, कुणीच नव्हतं. बाबांनी नवं ठाण उलगडलं की व्हायचा तसा निव्वळ आनंद होता. मग सगळं परत आलं, दुपटीनं आलं. कारण आता धाकटी किती मोठी आहे हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. धाकटीलासुद्धा नाही. हा तुकडा गुपचूप कपाटात ठेवला तर धाकटी कौतुकाच्या एका पायरीवर थांबेल. कधीतरी दुसरं कुणी हे शोधून काढेल, किंवा नाही काढणार. आणि सांगायचं म्हटलं, तर आधी हे सांगावं लागेल की बाण आडवा होता आणि मला दिसला होता. स्वतःच्या तोंडाला काळं फासून धाकटीच्या डोक्यावर मुकुट चढवायचा. हे कुणी करतं का?

तिनं केलं. चांगुलपणानं केलं असं म्हणण्यात अर्थ नाही. पाहुणे चहाला गेले, धाकटी तयारीच्या खोलीत येऊन मटकन स्टुलावर बसली, आणि थोरलीला ते पोटात ठेवताच येईना. इतकं देखणं काही आपण एकट्यानं बघितलं आणि कुणालाच दाखवायचं नाही, हे तिला मत्सराहूनही जड झालं. आणि दाखवायचं तर ज्याला कळेल असं माणूस त्या इमारतीत एकच होतं.

"बाण चुकला होता," ती म्हणाली.

"काय?"

"तू बाण आडवा काढलास. फोनवर बोलताना. घडी लाटण्याच्या अंगानं पडलीय."

धाकटीनं तुकडा तिच्या हातातून घेतला, खिडकीशी गेली, वेडावाकडा धरून बघू लागली. तिला दिसेना. थोरलीनं तिचं मनगट धरून तुकडा तिरका केला. "हे बघ. अशा जातायत."

धाकटी बराच वेळ बघत राहिली. मग मान न उचलता म्हणाली, "तुला केव्हा दिसलं?"

"आधी."

"वाकवायच्या आधी?"

"हो. तू नजर टाक म्हणालीस तेव्हा. तेव्हाही दिसलं."

झालं. थोरली भिंतीला टेकली. आता यायला हवं होतं ते येऊ दे. तिची सगळी तयारी होती. धाकटी ओरडेल, 'ताई, तू?' म्हणेल, रडेल. मग आपणही बोलू. फ्रॉकापासून बोलू, ओट्यापाशी म्हटलेल्या वाक्यापर्यंत, आईच्या विंचरलेल्या केसांपर्यंत बोलू. आयुष्यात पहिल्यांदा आपलं भांडण होईल, खरंखुरं, दोघी सारख्या उंचीच्या असल्यासारखं. तिला त्या भांडणाची जवळजवळ तहान लागली होती. धाकटीनं मान वर केली. तिचा चेहरा उजळून निघाला होता.

"म्हणजे दोन्ही अंगांनी वाकतो!" ती म्हणाली. "अगं ताई, दोन्ही अंगांनी वाकतो! म्हणजे फटीत आता काही उरलंच नाहीये. मग बाणच नको. कुणीही, कसाही कापावा!" तिनं थोरलीचे दोन्ही दंड धरून तिला गदागदा हलवलं, गालाला गाल घासला, आणि तुकडा मुठीत धरून सूक्ष्मदर्शकाच्या खोलीकडे पळत सुटली. तिच्या चपलांचा आवाज लांब जात बंद झाला.

थोरली होती तिथंच उभी राहिली. तिनं ऐकलं होतं ना? 'आधी' हा शब्द तिनं ऐकला होता ना? ऐकला होता, तिनंच तर विचारलं होतं. मग? इतकी वर्षं साठवून, शेवटी एकदाचा केलेला अपराध, आणि तो घ्यायलाही समोर कुणी नव्हतं. तिला वाटलं, निदान क्षमा तरी करायची होतीस. क्षमा करायलासुद्धा माणसाकडे जरा बघावं लागतं. टेबलावर पेन्सिल पडली होती. तिनं ती उचलली, तिचं टोक अंगठ्यावर दाबून बघितलं आणि पुन्हा ठेवली. बाणच नको, म्हणे.

तेवढ्यात पावलं परत आली, धावत. दारात धाकटी उभी होती, धापा टाकत, एक हात चौकटीवर. ती थोरलीकडे बघत होती, नीट, थेट. थोरलीला वाटलं, आठवलं तिला. आता येईल.

"ताई," धाकटी म्हणाली, "मला आज उशीर होईल. आईची औषधं तूच घेशील ना?"

"घेईन," थोरली म्हणाली, आणि आपली पर्स शोधू लागली.